कथलाचा डाख

"ही पिचकारी कसली?" गोदूआत्यांनी माझ्या बॅगेतून डोकावणारी वस्तू दोन बोटांत धरून उचलली आणि दारातल्या उजेडात फिरवून पाहिली. "जावईबापू, दिवाळीला आलात की शिमग्याला?"

मी म्हटलं, पिचकारी नाही, गॅसवर चालणारी सोल्डरगन आहे. लायटरमध्ये असतो तोच गॅस. वायर नको, प्लग नको, खिशात टाकायची आणि निघायचं. एवढं सांगून थांबायला हवं होतं, पण नव्या वस्तूचं कौतुक मला आवरत नाही, आजही नाही. मी टोपण काढलं, चाक फिरवून ठिणगी पाडली आणि टोक तापतं कसं ते दाखवायला लागलो. गन बाजूच्या एका भोकातून गरम हवा सोडते, ते विसरून भलतीकडेच धरली आणि मनगटावरचे केस चुर्रकन जळाले. आत्यांनी पदर तोंडाला लावला. कुंदानं कपाळाला हात लावला. आणि ज्यांनी बघावं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता, ते माझे सासरे ओटीच्या टोकाला पाठ करून बसले होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी पुण्यात टेलिफोन खात्यात होतो. खांबावर चढून नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून तारा जोडायच्या, हे माझं काम. खांबावर वीज कुठून येणार? म्हणून सहा महिने मनात घोळवून मी तपकीर गल्लीतून ही गन घेतली होती. दुकानदारानं दोन पुढ्यात ठेवल्या. एक जाडजूड, दोन तास चालणारी. दुसरी पेनाएवढी, अर्ध्या-पाऊण तासात संपणारी. माझा हात जाडीकडे गेला तसा तो म्हणाला, "साहेब, एका हातानं खांब धरणार, मग दुसऱ्या हातात वजन कशाला? शिवाय हिचं टोक काढलं की उघडी ज्योतही मिळते." मी पेन घेतलं. दिवाळसणाला कुणी जावई सोल्डरगन घेऊन जात नाही हे मला कळत होतं, पण घरी ठेववली नाही.

आमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. कचेरीत सह्या करून झालेलं लग्न, जात वेगळी. कुंदाचे वडील रघुनाथ निजामपूरकर, ज्यांना सगळं रोहा गाव 'भाऊ' म्हणायचं, ते आले नव्हते. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, आदळआपट केली नाही, फक्त बोलणं बंद केलं. तांबट आळीतली रीत अशी की मुलीच्या लग्नात बापानं स्वतः ठोकलेली भांडी द्यायची आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी मुलीचं आणि जावयाचं नाव घालायचं. आम्हाला एक तांब्यादेखील मिळाला नाही. दिवाळसणाचं आमंत्रण भाऊंच्या थोरल्या विधवा बहिणीनं, गोदूआत्यांनी, परस्पर पाठवलं होतं. कुंदाची आई नव्हती, घर आत्याच चालवायच्या.

येताना एसटीत पेण मागं पडल्यावर कुंदा म्हणाली, "काही करा, पण भाऊ तुमच्याशी एक वाक्य बोलले पाहिजेत. तुमच्याशी बोलणार नसतील, तर मी एकटीनं माहेरी येऊन काय करू? मग ही शेवटची दिवाळी." मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि तोंड मिटलं. तिचं माहेर राहणार की तुटणार, हे माझ्यावर आलं होतं, आणि माझ्याजवळ होतं काय, तर एक पेन.

संधी दुसऱ्याच दिवशी चालून आली. न्हाणीघरात तांब्याचा मोठा बंब होता. बंब म्हणजे पाण्याचं पोट आणि त्याच्या मधोमध उभी नळी; नळीत विस्तव घालायचा, भोवतीचं पाणी तापतं. ती नळी वीतभर आत चिरली होती आणि तिथून थेंबथेंब पाणी विस्तवावर पडायचं. आत्यांनी त्याची सगळी कुंडली मांडली. गणपतीपासून गळतोय, उद्या नरक चतुर्दशी, जावयाला पहिली आंघोळ घालायची ती काय चुलीवरच्या टोपातल्या पाण्यानं? आणि रघूला म्हणावं तर 'बघू', 'कंटाळा आलाय', 'हल्ली डाखाचं काम मी घेत नाही'. नुसता हातोडी घेऊन ठोकत बसतो. सांधे जोडायचे म्हटलं की याच्या अंगावर काटा.

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, माझ्या गनची ज्योत बारीक आहे, हात नळीत सहज जाईल, मी लावू का डाख? प्रश्न आत्यांना होता, कान भाऊंकडे होते. भाऊ हातातला गडू ठोकायचे थांबले. मग पुन्हा ठोकायला लागले. आत्या म्हणाल्या, "हो म्हणतोय तो."

बंब अंगणात आडवा केला. मी गनमध्ये गॅस भरला, दोन मिनिटं थांबलो, टोक काढून ज्योत मोकळी केली आणि हात आत घातला. दहा मिनिटांत कळलं की टेलिफोनची तार आणि बंब यांत फरक आहे. तार बिचारी लगेच तापते. इथे मी ज्योत लावतोय आणि तांबं ती ऊब पिऊन बसतंय. दोनदा गॅस संपला, दोनदा भरला. शेवटी माझ्याजवळचं कथील एकदाचं वितळलं आणि चिरेत शिरलं. छान गुळगुळीत बसलं. पाणी भरलं, तास झाला तरी थेंब नाही. माझी छाती दोन इंच वाढली.

भाऊ उठून आले. बंबाशी बसले, नळीत हात घातला आणि अंगठा त्या सांध्यावरून सावकाश फिरवला. एकदा, दोनदा. मग "हं" म्हणाले आणि निघून गेले.

कुंदा मला ओढत मागच्या दारी घेऊन गेली. "हं म्हणाले! तुमच्या कामाला हं म्हणाले! आमच्या आळीतल्या कारागिरांना ते हंसुद्धा म्हणत नाहीत." त्या संध्याकाळी तिनं चकल्या तळताना गाणं म्हटलं. मी ते 'हं' मनातल्या मनात निदान वीसदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझं अभ्यंगस्नान. आत्यांनी तेल चोळलं, उटणं लावलं, ओवाळलं, आणि आता निवांत आंघोळ करा म्हणून दार लोटून गेल्या. बंब धगधगत होता. आता मी पडलो चाळीत वाढलेला आणि नंतर गीझरवर पोसलेला माणूस. बंबाचा पहिला नियम रोह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की जेवढं गरम काढायचं तेवढं गार वरून ओतायचं. मला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. मी एक बादली काढली. उटणं निघेना म्हणून दुसरी काढली. थंडी होती, तिसरी काढली.

आतलं पाणी सांध्याच्या खाली गेलं, नळी कोरडी पडली, लाल झाली, आणि माझं कथील लोण्यासारखं वितळून गेलं. मला त्यातलं काही कळलं नाही. उलट कुणीतरी तेवढ्यात ओरडून सांगितलं, अहो, गार ओता, म्हणून मी घाईनं भली मोठी घागर बंबात रिकामी केली. ते सगळं पाणी त्या भोकातून थेट विस्तवावर गेलं. धाडकन आवाज झाला, राखेचा आणि वाफेचा लोट उठला, आणि मी पंचा सावरत, अर्ध्या उटण्यासकट आणि पुऱ्या राखेसकट अंगणात आलो. शेजारच्या बायका आकाशकंदील लावायच्या निमित्तानं कुंपणाशी आल्या होत्या. त्यांची दिवाळी झाली.

भाजलं नाही, नशीब. पण आत्यांचा पारा चढला होता. त्यांनी टॉर्च लावून नळीत पाहिलं, आणि तांबटाच्याच घरात जन्मलेल्या त्या बाईनं एका नजरेत ओळखलं. "अगो बाई, हे तर कथील. पांढरं फटफटीत. बंबाच्या नळीला कुणी कथलाचा डाख लावतं? तिथं पितळ लागतं." मग त्या भावाकडे वळल्या. "रघू, तू हात घालून गेलास ना काल? हं म्हणालास ना? तुला पांढरं की पिवळं एवढं दिसलं नाही?"

भाऊ न्हाणीच्या दारात उभे होते. कुंदा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न होता, मग संशय. तिला वाटत होतं की भाऊंनी मुद्दाम केलं, जावयाची फजिती व्हावी म्हणून पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच वेळी मला दुसरंही काही दिसलं. भाऊंचा एक हात भिंतीवर होता. बोटं भिंत चाचपत होती. मला आल्यापासूनचं सगळं एकदम आठवलं. चहाची बशी पुढे आल्यावर ते आधी हातानं कड शोधायचे. ओटीवरून दुकानात जाताना पावलं मोजल्यासारखी टाकायचे. काल नळीत त्यांनी पाहिलंच नव्हतं, नुसता अंगठा फिरवला होता. अंगठ्याला गुळगुळीत कळतं, पांढरं-पिवळं कळत नाही.

कुंदा म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. दिसलं होतं ना तुम्हाला?"

भिंत चाचपणारी बोटं थांबली. मला राहवलं नाही.

"भाऊंनी सांगितलं होतं मला," मी म्हणालो. "काल संध्याकाळी. कथील काढा, पितळ लावा म्हणाले. मीच ऐकलं नाही. माझ्या गनवर पितळ वितळत नाही, आणि तसं कबूल करायची लाज वाटली."

आत्यांनी डोळे वटारले. कुंदा मात्र भलत्याच ठिकाणी अडकली. "म्हणजे… भाऊ बोलले तुमच्याशी?"

"बोलले ना."

ती रडायलाच लागली, आणि रडतारडता हसायला लागली. बंब फुटला, न्हाणीघर राखेनं भरलं, नवरा भुतासारखा उभा, आणि बाईसाहेब खूष. मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभे होते. मग आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य बोलले.

"अंग धुऊन दुकानात या."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भट्टी, भाता, ऐरणी, भिंतीला टेकलेली घंगाळं. मी गेलो तर ते आपल्या जागेवर बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. सरळ मुद्द्यावर आले. दीड वर्ष झालं, म्हणाले. आधी धूर आहे असं वाटायचं, मग कळलं की धूर डोळ्यातच आहे. ठोकायला डोळा लागत नाही, हात आणि कान पुरतात. पण डाखाला ज्योतीचा आणि तांब्याचा रंग दिसावा लागतो, तो दिसत नाही. आळीत कळलं की तांबटाचा डोळा गेला, तर हातोडी गेलीच म्हणून समजा. आणि कुंदाला कळलं तर ती सगळं टाकून इथं येऊन बसेल, नवा संसार मोडून.

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, आता साधं ऑपरेशन असतं. ते म्हणाले, "ते मग बघू. आधी कथील खरवडा. एक कण राहिला तर भट्टीत तांबं खाऊन टाकील."

माझी नरक चतुर्दशी अशी गेली. आळीभर फराळाची ताटं फिरत होती आणि मी बंबाच्या नळीत हात घालून कानशीनं घासत होतो. दर अर्ध्या तासानं भाऊ बोट फिरवायचे आणि म्हणायचे, अजून आहे. दुपारी आत्या अनारसे घेऊन आल्या. जावयाची ती दशा बघून त्यांचा राग उतरला आणि त्यांनी भावालाच झापलं. भाऊ म्हणाले, "शिकतायत ते. शिकू दे." माझ्या बाजूनं ते बोलले, हे माझ्या ध्यानात रात्री आलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. रंग बघायला अंधार लागतो, म्हणाले. बंब भट्टीवर आडवा झाला. मी गन बाजूला ठेवायला लागलो, तर त्यांनी ती मागून घेतली. हातात तोलली, टोकावरून बोट फिरवलं, पेटवायला लावून कानाजवळ नेली.

"वाईट नाही ही. हिचा आवाज एकसारखा आहे. पण तारेला पुरते, तांब्याला अंग असतं, त्याला आधी सगळीकडून ऊब द्यावी लागते. अंग भट्टी तापवील. शेवटचं बोटभर काम हिला द्या."

मी फटीत पितळेचा चुरा आणि तो वितळून नीट पसरावा म्हणून टाकणखार भरला. भाता ते स्वतः मारत होते. निखारे फुलले. मग अंधारात त्यांचा आवाज आला.

"रंग सांगा."

"काळपट," मी म्हणालो.

"काळपट म्हणजे काय? नीट सांगा. मला दिसू द्या."

मी पुन्हा पाहिलं. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी काही पाहिलं नव्हतं. "पिकल्या करवंदासारखा," मी म्हणालो. भाता चालू. "आता जांभळाच्या सालीसारखा." टाकणखार चुरचुरत फुलला, ते त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "आता कुंकवाचा होतोय. कडेला, इकडं माझ्या बाजूला."

"घाई नको. पुढं?"

"आता… आमच्या दाराच्या तोरणातला झेंडू असतो ना, तांबडा, तसा."

"लावा तुमचं पेन."

मी ज्योत सांध्यावर धरली. ज्योत सांध्यावरून घसरली आणि तिचा आवाज बदलला. त्यांनी भाता सोडून माझं मनगट पकडलं. केस जळालेलंच मनगट होतं ते. चटका बसत असताना त्यांनी ते सोडलं नाही. पितळ हललं, चमकलं, आणि पाण्यासारखं सर्रकन चिरेतून पळालं.

"गेलं," मी म्हणालो.

"कसं दिसलं?"

मला उपमा सुचेना. "सुंदर," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "हो. तसंच दिसतं ते."

पाडव्याला आम्ही निघणार होतो. कुंदानं मला ओवाळलं, आत्यांनी दिवाळसणाचं म्हणून धोतरजोडी दिली. मी उगाच थोडा रुसल्याचं नाटक केलं, जावयानं करायचं असतं म्हणून. तेवढ्यात भाऊ दुकानातून आले आणि त्यांच्यामागून हमालाच्या डोक्यावर तो बंब. घासून पुसून लख्ख केलेला.

"हा न्या."

आत्या म्हणाल्या, घरातला बंब दिलास तर आम्ही काय करायचं? भाऊ म्हणाले, तू चुलीवर तापव. कुंदा मात्र बंबाच्या खांद्यावर वाकली होती. तिथं तिच्या आईचं नाव होतं, भाऊंनी तीस वर्षांपूर्वी घातलेलं, मोत्यासारख्या ठिपक्यांचं. त्याच्या खाली नवी ओळ होती. 'चि. सौ. कां. कुंदा व श्री. शशिकांतराव यांस सप्रेम भेट.' अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती. ओळ उतारावरून घसरली होती. 'भेट' मधला शेवटचा 'ट' तर पार तोटीपाशी जाऊन पोचला होता.

कुंदानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग वरच्या ओळीवरून. मग पुन्हा खालच्या. तिला सगळं कळलं. ज्या माणसानं दीड वर्ष आळीपासून आणि पोटच्या पोरीपासून डोळे लपवले, त्यानं माझं नाव घालण्यासाठी ते उघडे केले होते. हे काय त्यानं नकळत केलं होतं? अक्षरं कशी येणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"भाऊ," कुंदा म्हणाली, "पिशवी भरा. तुम्ही येताय."

ते नाही म्हणाले नाहीत. बंब एसटीच्या टपावर आणि भाऊ आम्हा दोघांच्या मध्ये, असे आम्ही पुण्याला आलो.

मार्गशीर्षात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पौषात दुसऱ्याचं. काळा चष्मा निघाला त्या सकाळी ते आमच्या गॅलरीत गेले. बंब तिथंच होता. त्यांनी कमरेवर हात ठेवून ती ओळ वाचली आणि भडकले.

"हे नाव कुणी घातलं? हात मोडला होता का त्याचा? आणा माझी हातोडी, पुसून नीट घालतो."

कुंदा बंबाला पाठ लावून उभी राहिली. "हात लावाल तर बघा," म्हणाली. बापलेकीची अशी जुंपली की खालचे लोक वर बघायला लागले. शेवटी भाऊंनी माघार घेतली, माझ्याकडून टॉर्च मागून घेतला, गुडघे टेकले आणि नळीत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी मागं उभा, परीक्षेचा निकाल लागावा तसा.

ते बाहेर आले तेव्हा कपाळाला राख लागली होती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच.

"डाख पिवळा आहे हो, शशिकांतराव," ते म्हणाले.